पालक-मेथी दोन बोटं वाढते आणि आडवी पडते, मदत हवी आहे

गॅलरीवाली: ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पूर्वेची गॅलरी, ग्रिल, वर पत्रा. ऊन साडेदहापर्यंत, तेही ढग नसतील तर. आषाढात दोन पसरट ट्रेमध्ये पालक आणि मेथी पेरली. माती नाही, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं. मेथी तीन दिवसांत वर आली, पालकाने आठवडा घेतला. रोपं दोन बोटं झाली आणि एका सकाळी कोपऱ्यातली आडवी! पानं हिरवीच, पण बुडाशी देठ दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी, पाणचट. दुसऱ्या दिवशी शेजारची. बघता बघता ट्रेला टक्कल. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच.

किडा-अळी काही दिसत नाही. पाणी रोज संध्याकाळी झारीने देते. नर्सरीवाला म्हणाला खत कमी पडतंय, एक पुडी दिली, तीही घातली. फरक शून्य.

हा कसला रोग? हे कोकोपीट फेकायचं का? शिवाय सासूबाईंचं फर्मान आहे की यंदा ऋषीच्या भाजीत घरचं काहीतरी हवंच. बैलाच्या कष्टाचं चालत नाही ना, मग गॅलरीतलं उत्तम! गणपतीला दीड महिना आहे. काय लावू? औषध फवारायचं नाही, पान थेट पोटात जाणार.

रानमाठ: हा मर रोग. बुरशीचं काम आहे, खताचा काही संबंध नाही. उलट निम्मं गांडूळखत म्हणजे जास्तच झालं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यात तुम्ही संध्याकाळी पाणी देता, म्हणजे रात्रभर ओल आणि बुरशीला मेजवानी. बी दाट पडलं असेल तर वाराही खेळत नाही.

साधी माती दोन भाग, कोकोपीट एक, गांडूळखत एक, आणि जाडसर वाळू हाताला लागेल इतकी. ट्रेची भोकं मोकळी आहेत ना बघा, खाली दोन विटा द्या. बी विस्कटू नका. ओळीत पेरा, ओळींत चार बोटं अंतर. पाणी सकाळी, तेही बोट खुपसून कोरडं लागलं तरच. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर गांडूळखतात कालवून पेरणीआधी मिसळली तर मदत होते, पण पडलेलं रोप त्याने उठत नाही.

गॅलरीवाली: आणि जुनं कोकोपीट?

रानमाठ: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, जे मोठं झाड असेल त्याच्या कुंडीत घाला. मर कोवळ्या रोपांनाच गाठते. नव्या बियांना मात्र ते नको.

कोकणातला: मुळात श्रावणात पालकाच्या मागे लागताच कशाला? पालक-मेथी दसऱ्यानंतर पेरा, थंडी लागली की काही न करता येते. आत्ता माठ लावा. बी खसखशीएवढं असतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पेरा, वर माती जेमतेम. पंचवीस-तीस दिवसांत भाजी तयार, म्हणजे तुमची ऋषीपंचमी साधते. दोन बोटं देठ ठेवून कापलात तर पुन्हा फुटतो.

अळू हवं असेल तर बाजारातून मुळासकट आणा आणि बादलीत लावा. नुसत्या अळूच्या कांद्यापासून, म्हणजे गड्ड्यापासून, इतक्यात पानं मिळायची नाहीत. भाजीसाठी हिरवट देठाचं, काळ्या देठाचं वडीला. त्याला ओल आवडते आणि सावलीही चालते, तुमच्या पत्र्याखाली खूश राहील.

गॅलरीवाली: घरचं अळू घशाला खाजलं तर?

कोकणातला: चिंच सढळ घाला आणि नीट शिजवा. चिरताना हाताला तेल लावा.

शेपूप्रेमी: मेथीचा हट्टच असेल तर समुद्रमेथी करा. मुंबईत समुद्राकाठच्या रेतीत पिकते ती बोटभर मेथी; तिला वाढायचंच नसतं. पसरट डब्याला भोकं पाडा, धुतलेली वाळू भरा, स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरा. दोन पानं आली की मुळासकट उपटायची. निवडायला काही नाही, पण वाळू जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून काढा.

गॅलरीवाली: माठ आणि अळू पक्कं, बी उद्याच आणते. माठ लाल घेऊ की हिरवा?

कोकणातला: आमच्याकडे लालच. पण सासूबाईंना विचारून घ्या, नाहीतर पंचमीच्या दिवशी इथे चर्चेचा नवीन धागा काढावा लागेल.