आइस डान्स : फायनलचं तिकीट क्रमांकावर द्यायचं की गुणांवर?

कृष्णाकाठ, सांगली

आइस डान्सच्या, म्हणजे बर्फावर जोडीने करायच्या स्केटिंग-नृत्याच्या, ग्रँड प्रिक्स फायनलला कोणत्या जोड्या जाणार यावर दर हंगामात वाद रंगतो. मला आज जोड्यांवर नाही, निवडीच्या पद्धतीवरच बोलायचंय, कारण ती मला अजिबात पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हंगामात सहा स्पर्धा होतात. सध्या त्या अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, जपान, चीन आणि फिनलंडमध्ये असतात. एका जोडीला त्यातल्या जास्तीत जास्त दोन मिळतात. पहिल्या क्रमांकाला 15, दुसऱ्याला 13, मग 11, 9, 7, 5 असे उतरते गुण. दोन स्पर्धांची बेरीज करायची आणि वरच्या सहा जोड्या डिसेंबरात फायनलला.

म्हणजे तुम्ही बर्फावर काय केलंत याला किंमत नाही, तुमच्यासमोर कोण आलं याला आहे. सीडिंग असतं, म्हणजे ताकदीच्या जोड्या आधीच वेगवेगळ्या स्पर्धांत विभागतात, मान्य. पण ते मागच्या जागतिक स्पर्धेच्या निकालावर. नवीन जुळलेली जोडी त्यात कुठे बसणार? 2025 मध्ये लॉरेन्स फुर्निए बोड्री आणि गियोम सिझराँ फ्रान्सकडून पहिल्यांदाच एकत्र उतरले आणि पहिल्याच हंगामात फ्रान्सची ग्रँड प्रिक्स जिंकून गेले. अशी जोडी ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचे 15 चे 13 होतात, 13 चे 11. त्यांनी तसूभरही चूक केलेली नसताना.

माझं म्हणणं साधं आहे. दोन्ही स्पर्धांत मिळालेले प्रत्यक्ष गुण, रिदम डान्स अधिक फ्री डान्स (प्रत्येक स्पर्धेतले दोन नाच), यांची बेरीज करा आणि त्यावर सहा जोड्या निवडा.

अजिंक्यतारा, सातारा

साफ विरोध.

तुमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी, तुम्हाला हे मी सांगायला नको. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते, प्रत्येक केंद्राचे परीक्षक वेगळे. सांगली केंद्रावरच्या नाटकाचे गुण आणि दुसऱ्या केंद्रावरच्या नाटकाचे गुण शेजारी ठेवून कोणी अंतिम फेरी ठरवतं का? नाही. केंद्रात पहिला कोण, हे बघतात. कारण एका मांडवातली तुलनाच खरी.

आइस डान्समध्ये तर हे जास्तच लागू आहे. इथे उड्या नाहीत. पडला की उभा राहिला, एवढं सोपं गणित नसतं. सगळं एजवर, म्हणजे ब्लेडच्या धारेवर. पाऊल आतल्या धारेवर होतं की बाहेरच्या, वळण नीट घेतलं की घसरवलं, हे टेक्निकल पॅनेल बघतं आणि लेव्हल, म्हणजे अवघडपणाची पातळी, ठरवतं. एका शहरातलं पॅनेल कडक असलं तर तीच स्टेप सिक्वेन्स (पावलांची मालिका) लेव्हल 2 ला खाली येते, दुसऱ्या शहरात त्याच जोडीला 3 मिळते. जजांच्या गुणांतला वरचा आणि खालचा काढून सरासरी घेतात, त्याने एखाद्याचा पक्षपात धुऊन निघतो. पण पूर्ण पॅनेलच हात सैल सोडणारं असेल तर काय काढणार?

तुमच्या पद्धतीने फायनलला कोण जाईल? ज्यांना उदार पॅनेल मिळालं ते.

कृष्णाकाठ, सांगली

नाट्य स्पर्धेत केंद्रातला पहिला नंबर थेट पुढे जातो. इथे तसं नाही ना! इथे एका मांडवातला तिसरा क्रमांक आणि दुसऱ्या मांडवातला तिसरा क्रमांक दोघांनाही 11 च देतात, जणू दोन्हीकडे स्पर्धा सारखीच होती. पॅनेल वेगळं म्हणून गुण चालत नाहीत, मग समोरचे स्पर्धक वेगळे असताना क्रमांक कसे चालतात? तुमचाच न्याय लावतोय.

वाईकर मास्तर

दोघांच्या वादात थोडं गणित घालतो, कारण ‘अमुक गुण म्हणजे जागा पक्की’ असं बिनदिक्कत बोललं जातं.

खरी पक्की जागा 28 पासून पुढे. का? 28 व्हायला एक तरी पहिला क्रमांक लागतोच आणि पहिले क्रमांक एकूण सहाच आहेत. त्यामुळे 28 किंवा जास्त असलेल्या सातव्या जोडीचा प्रश्नच येत नाही.

26 ला मात्र खात्री नाही. सहा जोड्यांनी एकेक पहिला आणि एकेक तिसरा घेतला (15 + 11) आणि तीन जोड्यांनी दोन-दोन दुसरे घेतले (13 + 13), तर नऊ जोड्या 26 वर अडकतात. बरोबरी झाली की आधी बघतात कोणाचा सर्वोत्तम क्रमांक वरचा. म्हणजे दोन्ही वेळा रौप्य घेतलेल्या तिन्ही जोड्या घरी.

24 वर तर बारा जोड्या येऊ शकतात, सहा 15 + 9 वाल्या आणि सहा 13 + 11 वाल्या.

प्रत्यक्षात एवढी सरमिसळ होत नाही, हे कबूल. उतरंड अगदी पक्की असेल, म्हणजे तीनच जोड्या दोन-दोन स्पर्धा जिंकत असतील आणि पुढच्या तीन दोन-दोन रौप्य नेत असतील, तर दोन कांस्यवाल्यांचे 22 बाहेर राहतात. म्हणून कोणाची शक्यता किती, हे त्यांच्या एकट्यांच्या गुणांवरून सांगताच येत नाही. बाकी पदकं कोणाच्या हातात गेली, ते आधी मांडावं लागतं.

कृष्णाकाठ, सांगली

मास्तर, मनापासून धन्यवाद. बरोबरीचा हा नियमच मला सगळ्यात जास्त खटकतो. एकदा पहिला आणि एकदा चौथा आलेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्याच्या पुढे! सातत्य दाखवलं त्याला शिक्षा.

मिरजेची ताई

मी मुलींना रोलर स्केटिंग शिकवते, बर्फ नाही. पण या बरोबरीच्या नियमाच्या बाजूने बोलणार.

ट्विझल कधी हळू करून बघा. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकायचं, दोघांनी, एकाच वेगात, मध्ये हातभर अंतर ठेवून. एकाचा मोकळा पाय क्षणभर टेकला की लेव्हल गेली, आणि वरच्या जोड्यांत क्रमांक बदलायला तेवढं पुरतं. लिफ्टचंही, म्हणजे जोडीदाराला उचलण्याचंही, तसंच. छोटी लिफ्ट 7 सेकंदांच्या वर लांबली की एक गुण कापला. अशा खेळात बाकी सगळ्यांना मागे टाकून पहिलं येणं फार अवघड असतं. ते एकदा तरी करून दाखवलेल्या जोडीला झुकतं माप मिळालं तर मला त्यात अन्याय दिसत नाही. माझ्या मुलींनाही मी हेच सांगते.

विश्रामबाग

कृष्णाकाठ यांचं निदान बरोबर, औषध चुकीचं. खरं दुखणं दोनच स्पर्धा असण्याचं आहे. 2018 आठवा. पापाडाकिस–सिझराँ (सिझराँची आधीची जोडी) जपानच्या स्पर्धेतून दुखापतीमुळे बाहेर पडले. फ्रान्सची स्पर्धा जिंकली, हातात 15 गुण, फायनल हुकली. आणि मार्च 2019 मध्ये सैतामाला जागतिक विजेते कोण? तेच! त्यांना गुणांच्या बेरजेनेही वाचवलं नसतं.

अजिंक्यतारा, सातारा

जी जोडी उतरलीच नाही तिला गुण कसे देणार, विश्रामबाग? हळहळ मलाही वाटली होती, पण नियम त्यासाठी वाकवता येत नाही.

आणि एक उदाहरण माझ्याकडूनही. 2024 ला अमेरिकेच्या स्पर्धेत ब्रिटनच्या लिलाह फियर–लुईस गिब्सन यांनी अमेरिकेच्या चॉक–बेट्सना त्यांच्याच देशात हरवलं. डिसेंबरात ग्रनोबलला सगळे एका पॅनेलसमोर आले, तेव्हा चॉक–बेट्स पहिले, इटलीचे गिनार–फाब्री दुसरे, फियर–गिब्सन तिसरे. सर्वोत्तम कोण, हे फायनलने ठरवायचं. आधीच्या सहा स्पर्धांनी फक्त दार उघडायचं, आणि तेवढं काम क्रमांक चोख करतात.

कृष्णाकाठ, सांगली

पहिल्या तिघांसाठी दार उघडंच असतं हो, त्यांची काळजी कोणाला आहे! मी सहाव्या आणि सातव्या जोडीबद्दल बोलतोय. तिथे कोणाला कुठली स्पर्धा मिळाली यावर अख्खा हंगाम ठरतो.

ठीक आहे, बेरीज नको म्हणता तर सीडिंग सुधारा. मोसमाच्या सुरुवातीच्या चॅलेंजर स्पर्धा (ग्रँड प्रिक्सच्या खालच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा) बघून ताकदीच्या जोड्या विखरून टाका.

अजिंक्यतारा, सातारा

वाटप उन्हाळ्यातच जाहीर होतं. चॅलेंजर स्पर्धा त्यानंतरच्या. व्हिसा, तिकिटं, सराव सगळं त्या वाटपावर चाललेलं असतं, ते सप्टेंबरात उलटंपालटं करणार?

कृष्णाकाठ, सांगली

सगळं नाही. यजमान देश आपल्या जोड्यांसाठी काही जागा रिकाम्या ठेवून नावं नंतर देतातच ना? म्हणजे उशिरा ठरवणं शक्य आहे. प्रत्येक स्पर्धेत तशीच एक जागा अशा नव्या जोड्यांसाठी ठेवा आणि ती सप्टेंबरनंतर भरा.

वाईकर मास्तर

यजमान आपल्या वाट्याची जागा सोडणार नाहीत. घरची जोडी असली की स्टेडियम भरतं.

कृष्णाकाठ, सांगली

त्यांची जागा मागतच नाही मी, मास्तर. दहा जोड्यांच्या जागी अकरा उतरवा. आइस डान्समध्ये एक जोडी वाढली तर कार्यक्रम दहा मिनिटांनी लांबेल, फार तर.