कालमापन, कालनिर्णय, कालगणना : धर्मपाल अग्रवाल यांच्या संशोधनाच्या निमित्ताने

प्रश्न :
पुरातत्त्वज्ञ धर्मपाल अग्रवाल यांच्या कार्यावर मी मराठीत एक परिचयलेख लिहीत आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नंतर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा येथील त्यांचे काम प्रामुख्याने कार्बन-१४ पद्धतीशी, म्हणजे जुन्या सजीव अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनावरून त्यांचे वय काढण्याच्या पद्धतीशी, निगडित आहे. या पद्धतीसाठी मराठी लेखनात कुठे 'कालमापन', कुठे 'कालनिर्णय', कुठे 'कालनिश्चिती', तर क्वचित 'कालगणना' असेही म्हटलेले आढळते. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का? वयापुढे 'बीपी' ('बिफोर प्रेझेंट') ही अक्षरे येतात, ती मराठीत कशी लिहावीत? आणि अग्रवालांना 'प्रागितिहासकार' म्हणावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :
'कालगणना' हा शब्द प्रथम बाजूला काढावा. शक, संवत, हिजरी, इसवी अशा वर्षे मोजण्याच्या रीतींसाठी तो पक्का रूढ आहे आणि प्रयोगशाळेतील कामाशी त्याचा संबंध नाही. 'कालनिश्चिती'ही मी टाळतो. प्रयोगशाळेचे उत्तर नेहमी '± १०० वर्षे' अशा मर्यादेसह येते, आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की मोजणीपुरते पाहिले तर खरा आकडा त्या दोन टोकांच्या आत असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे तीन नमुन्यांमागे साधारण एकाचे खरे उत्तर त्या मर्यादेबाहेरही असू शकते. अशा उत्तराला निश्चिती म्हणणे म्हणजे वाचकाला नसलेली खात्री देणे होय.

उरले कालमापन आणि कालनिर्णय. माझ्या मते दोन्ही शब्द हवेत, पण दोन निरनिराळ्या कृतींसाठी, आणि हा भेद अग्रवालांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे.

मापनाची कृती अशी. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात नायट्रोजनपासून कार्बन-१४ सतत तयार होत असतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून वनस्पतींत आणि वनस्पतींतून प्राण्यांत जातो. जीव मेला की नवी भर थांबते आणि आत असलेला साठा ठरलेल्या गतीने घटू लागतो. शिकागो विद्यापीठातील विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये या घटीवरून काढलेली पहिली वये प्रसिद्ध केली व त्या कामासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिबींनी ५५६८ वर्षे हे अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा होण्यास लागणारा काळ, धरले होते. पुढे ५७३० हा अधिक अचूक आकडा मिळाला, तरी जुन्या-नव्या वयांची तुलना करता यावी म्हणून मूळ आकड्यावरच वये जाहीर करण्याचा प्रघात राहिला. नमुन्यातली झाडांची बारीक मुळे चिमट्याने वेचायची, आम्ल व अल्कलीने तो धुऊन मातीतून मुरलेला परका कार्बन काढून टाकायचा, उरलेल्या शुद्ध कार्बनाचा वायू करून तो मापकात भरायचा आणि क्षय पावणाऱ्या अणूंची नोंद तासन् तास घेत राहायची, हे सारे मापनच आहे. भोवतालच्या किरणोत्साराचा उपद्रव होऊ नये म्हणून मापकाभोवती शिशाचे किंवा लोखंडाचे जाड कवच असते. नमुना कोणत्या संस्कृतीचा, हे माहीत नसलेला माणूसही ही मोजणी उत्तम करू शकतो.

निर्णयाचे तसे नाही. मराठी माणूस 'कालनिर्णय' म्हणताच दिनदर्शिका आठवतो, पण हा शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे. धर्मशास्त्रात चौदाव्या शतकापासून या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत लिहिलेला 'निर्णयसिंधू' आजही पंचांगकर्ते पाहतात. तिथी किती घटिका आहे हे गणिताने निघते. परंतु दोन दिवसांना स्पर्श करणारी तिथी कोणत्या दिवशी धरायची, हे वचने ताडून ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्याला निर्णय म्हणतात. मोजलेल्या आकड्याच्या पुढची ही पायरी आहे. पुरातत्त्वातही ती तशीच्या तशी लागू पडते.

अग्रवालांनी १९६४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हडप्पा संस्कृतीचा काळ आखूड धरावा असे सुचवणारा लेख लिहिला. तोपर्यंत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडलेला इ.स.पू. २५०० ते १५०० हा काळ प्रमाण मानला जात असे, आणि त्याचा आधार मेसोपोटेमियाशी असलेले संबंध व शेवटच्या टोकाला आर्यांच्या आगमनाविषयीची समजूत हा होता. टाटा संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांच्या गटाने उभारलेल्या प्रयोगशाळेत कालीबंगा, लोथल इत्यादी हडप्पा स्थळांचे नमुने मोजले गेले, तेव्हा ती वये व्हीलरांच्या चौकटीत बसेनात. अग्रवालांनी त्यांवरून इ.स.पू. सुमारे २३०० ते १७५० असा काळ मांडला. एका हजार वर्षांची संस्कृती जवळजवळ निम्म्यावर आली. प्रस्थापित मताला भारतीय प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी असे आव्हान द्यावे, ही मला आजही मोठी अभिमानाची गोष्ट वाटते.

पुढे कॅलिफोर्नियातील दीर्घायुषी ब्रिसलकोन पाइन वृक्षांची वलये एकेक करून मोजली गेली आणि वय ठाऊक असलेल्या वलयांतील कार्बन-१४ तपासला गेला. त्यातून असे दिसले की वातावरणातील त्याचे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील वये काही शतके मागे सरकवावी लागतात. आज नागर हडप्पा काळ, म्हणजे या संस्कृतीच्या भरभराटलेल्या शहरांचा काळ, साधारणपणे इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मुंबईत झालेले कालमापन सदोष ठरले नाही. त्या नमुन्यांचे मोजलेले आकडे आजही ग्राह्य आहेत व वलयांवरून तयार केलेल्या दुरुस्तीच्या आलेखावर, म्हणजे नव्या वक्रावर, बसवून वापरले जातात. बदलला तो कालनिर्णय. परिचयलेखात दोन्हीकडे एकच शब्द वापरला, तर अग्रवालांचे मोजमाप चुकले असा वाचकाचा समज होईल आणि तो त्यांच्यावर अन्याय ठरेल.

आणखी एक. त्या प्रयोगशाळेच्या प्रसिद्ध झालेल्या वययाद्यांवर अग्रवालांबरोबर शीला कुसुमगर, लाल आदींची नावे आहेत. 'अग्रवालांनी मोजले' असे लिहिण्याऐवजी 'अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी' असे लिहावे.

शंका :
भेद पटला, परंतु तो व्यवहारात टिकेल असे वाटत नाही. अभ्यासक्रमात 'सापेक्ष कालनिर्णय' आणि 'निरपेक्ष कालनिर्णय' या संज्ञा विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. कार्बन-१४ ही निरपेक्ष कालनिर्णयाची पद्धती, असे म्हणण्यात चूक ती कोणती?

उत्तर :
आपला मुद्दा योग्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे थोडे सुधारून मांडतो. थरांचा क्रम पाहून, खापरांची घडण व रंग ताडून जो काळ ठरवतात, त्यात काहीच मोजलेले नसते. तिथे 'सापेक्ष कालमापन' म्हणता येणार नाही. म्हणून 'कालनिर्णय' हा व्यापक शब्द मानावा आणि ज्या पद्धतींत एखादी भौतिक राशी प्रत्यक्ष मोजली जाते त्यांनाच 'कालमापन' म्हणावे. 'कार्बन-१४ कालमापनाच्या आधारे केलेला कालनिर्णय' हे वाक्य लांबट असले तरी निर्दोष आहे. 'निरपेक्ष' या विशेषणाविषयी मात्र मी साशंक आहे. कार्बन-१४चे वय वलयांच्या वक्राची अपेक्षा ठेवतेच, त्यामुळे 'वर्षांत सांगितलेला काळ' असे साधे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

भर :
मी उत्खननाच्या कामात काही काळ घालवला असल्याने नमुन्यांच्या शब्दांविषयी लिहितो. परिचयलेखात नुसते 'कोळसा' लिहू नये. आपल्याकडे 'लोणारी कोळसा' आणि 'दगडी कोळसा' असे दोन स्वच्छ शब्द आहेत, आणि या विषयात त्यांची गल्लत झाली तर सगळाच अर्थ बिघडतो. पद्धतीची मजल सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत असते. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांचा असल्याने त्यात मोजण्याजोगा कार्बन-१४ उरलेलाच नसतो. चुलीतला, जळक्या वाशाचा, धान्याच्या कणगीजवळचा तो लोणारी कोळसा.

तसाच 'पांढरी' हा शब्द. गावकरी शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, कारण शतकानुशतकांच्या राखेने, शेणामातीने आणि पडक्या भिंतींनी तिथली माती फिकट झालेली असते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, ते अशाच पांढरीचे होते. तिथले तसेच चांडोलीचे नमुने टाटा संस्थेत मोजले गेले, आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या काळाचा विचार करताना ते आकडे घ्यावेच लागतात. 'वसाहतीचे टेकाड' हा ग्रंथातला शब्द अर्थाने बरोबर असला, तरी राखेचा तो रंग त्यात येत नाही.

लाकडाच्या कोळशात एक धोका असतो. घराच्या मेढीसाठी वापरलेले लाकूड शंभर वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचे असेल, तर मोजलेले वय घर जळण्याचे नसून त्या गाभ्याच्या वाढीचे येते. म्हणून सातूचे किंवा कुळथाचे करपलेले दाणे मिळाले तर ते अधिक विश्वासाचे, कारण दाणा एकाच हंगामाचा असतो. त्यांना 'कार्बनीभूत धान्य' असा भारदस्त शब्द चालतो. 'करपलेले दाणे' म्हटल्यास काहीही बिघडत नाही.

उत्तर :
ही भर फार मोलाची आहे. आता 'बीपी'विषयी. 'आजपूर्वी' हे भाषांतर मी वापरू नका असे सुचवतो, कारण 'आज' पुढे सरकत राहतो आणि इथला शून्यबिंदू इ.स. १९५० या वर्षी कायमचा रोवलेला आहे. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर गोलार्धातील हवेत कार्बन-१४चे प्रमाण जवळपास दुप्पट केले, त्यामुळे त्याआधीचे वर्ष आधाराला धरणे सोयीचेही ठरले. 'वर्तमानपूर्व', संक्षेपाने 'व.पू.', असे लिहून पहिल्याच ठिकाणी 'वर्तमान म्हणजे १९५०' असा खुलासा करावा. मात्र ३००० व.पू. या मोजलेल्या वयातून १९५० वजा करून सरळ 'इ.स.पू. १०५०' लिहू नये. वलयांच्या वक्राने दुरुस्त केल्यावर ते वय इ.स.पू. १२५० च्या आसपास जाते. दुरुस्ती झाली आहे की नाही, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे, विशेषतः १९७० पूर्वीच्या लेखांतून आकडे घेताना.

'प्रागितिहासकार' ही संज्ञा अग्रवालांना अपुरी पडते. हडप्पा संस्कृतीला लिपी होती, ती वाचता येत नाही एवढेच, आणि म्हणून तिला काटेकोरपणे आद्य इतिहासात घालतात. ताम्रपाषाणयुगातील धातुकामाचा त्यांनी केलेला अभ्यासही त्याच काळातला आहे. अहमदाबादला गेल्यानंतर त्यांनी काश्मीरच्या करेवा निक्षेपांवरून, म्हणजे तिथल्या प्राचीन तळ्यांत साचलेल्या गाळाच्या थरांवरून, प्राचीन हवामानाचा शोध घेतला, आणि ते थर लाखो वर्षांमागे जात असल्याने तिथे कार्बन-१४ पुरत नाही, त्या थरांतील चुंबकत्वाचा आधार घ्यावा लागतो. त्या कामाला मानवी प्रागितिहासाची पार्श्वभूमी म्हणता येईल. या सर्वांना सामावणारा शब्द 'पुरातत्त्वज्ञ' हाच आहे. शीर्षकात तो ठेवावा, आणि लगेच पुढच्या वाक्यात कार्बन-१४ कालमापन, ताम्रतंत्र आणि प्राचीन हवामान या तिन्ही क्षेत्रांचा नावाने उल्लेख करावा.