ब्लॉगवर मोठी कॉमेंट लिहिण्यात अजून अर्थ आहे का?

घाटवाट्या

मी मराठी ट्रेक ब्लॉग भरपूर वाचतो. लेख आवडला की नुसतं "मस्त, फोटो सुंदर" टाकून पुढे जाणं मला जमत नाही, त्या वाटेबद्दल जे माहीत असेल ते लिहावंसं वाटतं, पाणी कुठे मिळतं, वाट कुठे चुकते वगैरे. गेल्या महिन्यात एका ब्लॉगवर हरिश्चंद्रगडाच्या, खिरेश्वरहून चढणाऱ्या टोलार खिंडीच्या वाटेबद्दल असंच सविस्तर लिहिलं आणि पब्लिश दाबल्यावर पान परत कोरं. सगळं गेलं. पुन्हा आठवून आठवून लिहिलं तर "मंजुरीनंतर दिसेल" असा मेसेज आला, अजून काही दिसलेली नाही.

पण खरा त्रास दुसऱ्या ब्लॉगवर झाला. हरिश्चंद्रगडावरचा लेख, त्यात नळीची वाट पाचनईहून वर चढते असं लिहिलंय. पाचनई घाटावर आहे, अकोले तालुक्यात, आणि तिथून गडावर जायची वाट सगळ्यात सोपी, घरच्यांना घेऊन लोक जातात. नळीची वाट कोकणातून, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून चढते, कोकणकड्याच्या बाजूच्या घळीतून, मोठमोठे धोंडे, वरून दगड सुटतात, पावसाळ्यात तर त्या घळीत पाऊलही टाकू नये. म्हणजे तो लेख वाचून कुणी पाचनईत उतरून नळीची वाट विचारत बसला तर एक वेळ दिवस वाया जाईल एवढंच, पण "पाचनईची वाट सोपी" हे ऐकलेला कुणी नळीलाच सोपी समजून चिल्ल्यापिल्ल्यांसकट निघाला तर काय? मी हे सगळं नीट, अगदी सौम्य शब्दांत लिहिलं. उत्तर आलं की "एवढं माहीत आहे तर स्वतःचा ब्लॉग काढा" आणि दुसऱ्या दिवशी माझी कॉमेंट उडवलेली, चूक तशीच.

खूप मनापासून लिहितो हो मी. अजून कोण लिहितं का असं, आणि का लिहिता?

तंत्रस्नेही

आधी कॉमेंट जाण्याचं बघू. बऱ्याच ब्लॉगवर लेखाखालची कॉमेंटची चौकट दुसऱ्याच पत्त्यावरून आलेली असते, तुम्ही लॉगिन आहात हे तिला कुकीवरून, म्हणजे ब्राऊझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून कळतं आणि हल्ली काही ब्राऊझर अशा दुसऱ्या पत्त्यावरच्या, परक्या कुकीज अडवतात. सफारीने तर मार्च २०२० पासून सरसकट बंद केल्या. मग चौकटीला तुम्ही कोण तेच कळत नाही, लॉगिनच्या पानावर जाऊन परत येता आणि लिहिलेलं पुसलेलं असतं. कॉमेंट कायम फोनच्या नोट्समध्ये लिहायची आणि तिथून चिकटवायची, दुसरा इलाज नाही.

मंजुरीचं म्हणाल तर मनाला लावून घेऊ नका. वर्डप्रेसवर मूळ सेटिंगच असं आहे की ज्याची आधी एकही कॉमेंट मंजूर झालेली नाही त्याची अडकणार, आणि एका कॉमेंटमध्ये दोन लिंक असल्या तरी अडकणार. तुम्ही नकाशाच्या लिंका दिल्या असतील तर त्यातच गेली असेल. मालकाने ब्लॉगकडे बघणं सोडलं असेल तर ती तिथेच पडून राहते.

खापरोळी

मी दुसऱ्या बाजूने सांगते, कारण माझा ब्लॉग आहे, आजीच्या वेंगुर्ल्याकडच्या पदार्थांचा. घाटवाट्या, तुमच्यासारखे वाचक नसते तर मी कधीच बंद केला असता, खरंच सांगते.

मी खापरोळीवर लिहिलं होतं, तांदूळ-उडीद भिजवून, वाटून, आंबवून खापरावर जाड घालायची आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायची. मला वाटलं पूर्ण लिहिलंय. मग खाली एकेक जण यायला लागले. कुणी लिहिलं आमच्याकडे मेथ्या घातल्याशिवाय होतच नाही, कुणी पीठ थंडीत कुठे ठेवायचं ते, एका बाईंनी परदेशातून लिहिलं की खापर नाही म्हणून बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून केली आणि जाळी पडली, रसात वेलची किती यावर तर दोन घरांचं एकमत झालंच नाही. लेख लिहून कित्येक वर्षं झाली तरी कुणीतरी शोधत येतं आणि आधीच्या कॉमेंट वाचून आपली भर घालून जातं. मी त्या मूळ लेखात नावानिशी जोडत गेले, आज त्यातला अर्धा मजकूर तरी वाचकांचा आहे. फॅमिली ग्रुपवर हीच चर्चा दोन दिवसांत वर सरकून गेली असती, पुढच्या वर्षी कुणाला सापडली नसती.

आता आमची अडचण. बनावट औषधांच्या नि जुगाराच्या जाहिराती इतक्या येतात की मंजुरी न ठेवून चालत नाही, आणि स्पॅमच्या फोल्डरमध्ये चांगल्या माणसांच्या कॉमेंट अडकतात. मी दर रविवारी तो फोल्डर उघडते. सगळ्यांनी उघडावा, एवढे कष्ट वाचकाने घेतलेत तर तेवढं आपल्याकडून व्हायलाच पाहिजे. तुमची कॉमेंट उडवणाऱ्याचं मला अजिबात पटलेलं नाही, विशेषतः जिवाशी खेळ असलेल्या गोष्टीत.

जुनाजाणता

खापरोळीताईंना +१, पण कॉमेंट टिकते यावर फार विसंबू नका. गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा ब्लॉगर या गूगलच्याच ब्लॉगसेवेवर ज्यांनी प्लसच्या कॉमेंट जोडल्या होत्या त्यांच्या ब्लॉगवरच्या त्या सगळ्या चर्चा गेल्या, लेख राहिले आणि खालचं सगळं नाहीसं. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं त्यात. म्हणून एखाद्या लेखाखाली चांगली चर्चा झाली की मी ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर सेव्ह करतो. नंतर उघडून बघायचं मात्र, कारण कॉमेंट जर पान उघडल्यावर दुसरीकडून लोड होत असतील तर बऱ्याचदा त्या साठवल्या जात नाहीत.

मुक्ता_ठाणे

मला थोडं वेगळं वाटतं. चूक दाखवायची असेल तर आधी लेखकाला मेल करावा, चारचौघांत सांगितलं की माणूस अडून बसतो, मग माहिती कितीही बरोबर असो. मेल करून आठवडा थांबायचं आणि काहीच झालं नाही तर खाली लिहायचं. मी देवळांच्या ब्लॉगवर हे करते, बहुतेक जण आनंदाने दुरुस्त करतात.

घाटवाट्या

सगळ्यांचे आभार. मुक्ताताई, देवळाच्या शतकाबद्दल मेल करून थांबणं ठीक, पण वाटेच्या बाबतीत मी आठवडा थांबणार नाही, शनिवार-रविवारी लोक निघतात. मेल आणि कॉमेंट दोन्ही एकदमच करेन.

खापरोळीताई, तुमचं वाचून बरं वाटलं. मी लिहीत राहतो. हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर, पाचनई आणि बेलपाडा अशा तिन्ही बाजूंच्या वाटा, कुठली कुणासाठी, हे आता नीट एका जागी लिहून काढतोय, मग जिथे जिथे चुकीचं दिसेल तिथे त्याची एकच लिंक देता येईल. नळीच्या वाटेने या पावसाळ्यानंतर कुणी गेलं असेल तर घळीत नवीन दरड आलीय का तेवढं कृपया इथे लिहा, खालच्या टप्प्यात वाट बदलल्याचं ऐकलंय.