स्टेजवर हात कापतात. नागपुरात हिप्नोथेरपी कोणी घेतली आहे का? (बजेट ५,०००)

लयीत_गडबड
नमस्कार मंडळी. राहणार महाल, वय ३४, खासगी नोकरी. नऊ वर्षांपासून तबला शिकतोय. घरी, गुरुजींसमोर, मित्रांच्या बैठकीत ठीक वाजतं. पण निवेदकानं माईकवर नाव घेतलं की तळवे ओले. पावडर लावून लावून शाईवर (तबल्याच्या काळ्या गोलावर) पांढरा थर बसतो, तरी बोट चाटेवरून (कडेवरून) सरकतं. मागच्या दिवाळी पहाटेला पेशकार (सोलोची सुरुवात) कसाबसा निघाला, कायदा म्हणजे ठरलेली बोलरचना, तिच्या तिसऱ्या पलट्यात (बदललेल्या रूपात) डोकं कोरं झालं आणि तिहाई, म्हणजे शेवटी तीनदा येणारा तुकडा, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) दोन मात्रा आधीच संपली. पेटीवाल्या काकांनी लेहरा (तालाची फिरती धून) चालू ठेवून सांभाळून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याच जास्त लागल्या.

दुसरा त्रास लक्षाचा. वाजवताना कोण उठलं, कोण मोबाइल पाहून राहिलं, तेच दिसतं.

सहा आठवड्यांनी गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आहे. तीनताल (१६ मात्रांचा) सोलो, १५ मिनिटं. हिप्नोथेरपीनं असा त्रास कमी होतो असं ऐकलं. नागपुरात कोणाकडे जावं, बैठका किती लागतात, आणि नुसतं यूट्यूबवरचं ऑडिओ ऐकून काम भागतं का? बजेट सगळं मिळून ५,०००. त्याच्या वर खरंच शक्य नाही.

त्रिमूर्तीनगरची_काकू
अगदी योग्य विचार केलात. आमच्या चिरंजीवांना नीटच्या वर्षी दिलं होतं. १२ बैठकांचं पॅकेज, ३६,०००. बायोलॉजीत मार्क वाढले ते वाढलेच. त्याच वर्षी क्लासही बदलला होता म्हणा, पण आईला कळतं कशानं फरक पडला ते. पाच हजारात आजकाल धड साडी येत नाही, बजेट थोडं वाढवा.

वऱ्हाडी_खवचट
काहून पैसे घालवून राहिला भाऊ? आमच्या मंडळात गणपतीत एक संमोहनवाला आला होता. माझ्या दोस्ताले स्टेजवर बोलावलं आन् सफरचंद म्हणून कच्चा कांदा खाऊ घातला. सारी वस्ती हसली. नंतर मी इचारलं तं म्हणे, "मले मालूम होतं बे कांदा हाय, पण एवढ्या लोकाईसमोर नाही कसं म्हणू?"

लयीत_गडबड
@वऱ्हाडी_खवचट हसून हसून पुरेवाट. पण माझा त्रास नेमका तोच आहे हो. एवढ्या लोकांसमोर.

धंतोलीकर_निवृत्त
हे सगळं सोडा. मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत भाषणं केली. सुरुवातीला पाय लटपटायचे. डॉक्टर मित्रानं प्रोप्रॅनोलॉलची गोळी सांगितली, १० मिलिग्रॅम, भाषणाच्या तासभर आधी. हात स्थिर, आवाज स्थिर. परदेशात मोठमोठे वादक घेतात. पट्टी आणा, विषय संपला. तुमचे पाच हजारही वाचतील. मंत्र्यांसमोर बोललोय मी, पाणीसुद्धा लागायचं नाही.

लयीत_गडबड
काका, मला लहानपणापासून दमा आहे. इनहेलर चालू आहे. चालेल का ही गोळी?

वॉर्ड_नंबर_सात
थांबा. नाही चालणार. सरकारी दवाखान्यात २८ वर्षं नर्स होते, म्हणून मध्ये बोलते. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर. हृदयावरचा आणि स्नायूंवरचा ॲड्रिनलिनचा परिणाम अडवतं म्हणून धडधड आणि थरथर कमी होते, पण फुप्फुसातल्या श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी यंत्रणाही तेच अडवतं. दम्याच्या माणसाला जोरदार अटॅक येऊ शकतो, आणि अशा वेळी नेहमीच्या इनहेलरचा उपयोगही कमी होतो. धंतोलीकर, तुम्हाला लागू पडली ते चांगलं, पण चिठ्ठीशिवाय गोळी आणा असं कोणाला सांगू नका.

धंतोलीकर_निवृत्त
मी डॉक्टर मित्राच्या सल्ल्यानं म्हणालो होतो. असो.

मागचा_जन्म_नको
माझा अनुभव लिहितो, ठिकाणाचं नाव घेत नाही. मी गेलो होतो मुलाखतीच्या भीतीसाठी. दुसऱ्याच बैठकीत बाईंनी मला "आणखी मागे जा, आणखी मागे" करत मागच्या जन्मात नेलं. म्हणे मी कुठल्याशा नदीत बुडून मेलो होतो, म्हणून मुलाखतीत घसा दाटतो. डोळे मिटून पडलो असताना मलाही पाणी दिसलं हो, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आठवलं, आदल्या रविवारी आम्ही अंबाझरी तलावावर फिरायला गेलो होतो. तिसऱ्या बैठकीत "त्या आत्म्याची शांती" करायला ११,००० वेगळे सांगितले. तिथून उठलो तो उठलोच. मुलाखतीतही आपटलो, तो भाग वेगळा.

विवेकवादी_रेशीमबाग
हेच होणार. संमोहन म्हणजे सुशिक्षितांची अंधश्रद्धा.

बर्डीचा_वाचक
माहिती घेऊन लिहा. अखिल भारतीय अंनिसचे श्याम मानव स्वतः स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत, आणि ती संस्था आपल्याच गावची. मागचा जन्म ही भोंदूगिरी. संमोहन ही लक्ष एकवटण्याची अवस्था. दोन्हीची खिचडी करू नका.

हिप्नोटिझम हा शब्द जेम्स ब्रेड या डॉक्टरानं रूढ केला, त्याचं पुस्तक १८४३ चं. आपल्या देशात तर १८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा सर्जन रुग्णांना अशाच गुंगीत नेऊन मोठमोठ्या गाठी काढत होता. तेव्हा क्लोरोफॉर्म यायचं होतं.

विवेकवादी_रेशीमबाग
आणि १७८४ चं विसरलात? चुंबकशक्तीनं रोग बरे करतो म्हणणाऱ्या मेस्मर डॉक्टरच्या दाव्यांवर फ्रान्सच्या राजानं आयोग नेमला होता, त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता. निष्कर्ष काय, तर चुंबकशक्ती वगैरे काही नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनेचा.

वॉर्ड_नंबर_सात
मग त्याचे हात कापतात तेही कल्पनेनंच ना? गर्दी काही त्याचे हात धरून हलवत नाही.

६४_घरं
मुलगी बुद्धिबळ खेळते, १३ वर्षांखालच्या गटात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक घेतला, तेव्हापासून आमच्या सोसायटीत घरटी एक पट. मी मुलीला फोकससाठी हिप्नोसिसचं ऑडिओ लावून देतो. झोपते. गाढ. सकाळी ओपनिंग विसरते. दिव्यानं असलं काही केलं होतं का, कोणाला माहीत आहे का?

वऱ्हाडी_खवचट
तिनं खेळ खेळला भाऊ. लय खेळला.

बुटीबोरी_शिफ्ट
वर कोणी लिहिलं का पाहिलं नाही, पण प्रोप्रॅनोलॉल म्हणून गोळी येते, एक नंबर काम करते. मेडिकलवाला ओळखीचा असला की देतो.

वॉर्ड_नंबर_सात
वर वाचा हो दादा. दमा आहे त्यांना.

मूळ प्रश्नावर कोणी येतच नाहीये, म्हणून मीच लिहिते. हिप्नोथेरपीत झोप लागत नाही आणि ताबाही सुटत नाही. शरीर सैल करतात, लक्ष एका जागी आणतात आणि मग त्या मोकळ्या अवस्थेत तुम्हाला तुमचा स्टेज पायरीपायरीनं डोळ्यांसमोर आणायला लावतात: विंग, माईक, नाव पुकारणं, पहिला धा. तिथे धडधड वाढली की परत सैल करतात. सोबत एखादी खूण पक्की करतात, म्हणजे ती केली की शरीराला सवयीनं ते सैलपण आठवावं. साधारण चार ते सहा बैठका, आणि घरी रोज १५-२० मिनिटं सराव. सरावाशिवाय काही नाही. सगळ्यांना सारखं लागू पडतं असंही नाही. काही लोक पटकन त्या अवस्थेत जातात, काही जातच नाहीत. दुखणं आणि पोटाच्या काही तक्रारींत उपयोग बऱ्यापैकी तपासला गेलाय, स्टेजच्या भीतीवर पुरावा त्या मानानं थोडा.

"हिप्नोथेरपिस्ट" अशी पाटी आपल्याकडे दोन दिवसांचा कोर्स करून कोणीही लावू शकतं. म्हणून मूळ शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती पाहा. सायकियाट्रिस्ट असेल तर एमडी किंवा डीपीएम. "शंभर टक्के गॅरंटी" ऐकलं की चपला घाला. पूर्ण पॅकेजचे पैसे आधी देऊ नका. आणि ही भीती स्टेजपुरती न राहता ऑफिसात, झोपेत, जेवणात शिरली असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पेटीवाला_अयोध्यानगर
मी साथीला बसतो, वीस वर्षं झाली. असे पन्नास तबलजी पाहिले. औषध एकच. दर रविवारी घरी आठ-दहा लोक बोलवा, तर्री पोहे खाऊ घाला आणि पूर्ण १५ मिनिटं न थांबता वाजवा. चुकलं तरी थांबायचं नाही, सम गाठायची. सहा रविवार म्हणजे सहा कार्यक्रम झाले. सातवा गुरुपौर्णिमेचा. पोह्याचा खर्च दोन हजार, फार तर.

मागचा_जन्म_नको
+१. हेच करा.

त्रिमूर्तीनगरची_काकू
पोहे करायचे तर पूर्ण पॅकेजच घ्या ना, स्वस्त पडेल. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

बर्डीचा_वाचक
हिप्नोथेरपी घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडेच. रामदासपेठेत बसतात बरेच. १,५००-२,००० एका वेळचे.

लयीत_गडबड
बजेट ५,००० आहे हो. सगळं मिळून.

लयीत_गडबड (१६ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही, आधीच माफी मागतो.

सक्करदऱ्याजवळ एक समुपदेशक मॅडम आहेत. मानसशास्त्रात एमए, शाळेत काम करतात, संध्याकाळी घरीच एका खोलीत बसतात. वॉर्ड_नंबर_सात, ती नोंदणी त्यांच्याकडे नाही, मी विचारलं, त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तरी गेलो. घरापासून स्कूटरनं दहा मिनिटं, फी ७००, पैसे दर वेळचे दर वेळी. आल्या आल्या दम्याचं विचारलं, कधी भास-झटके झाले का विचारलं, आणि म्हणाल्या की कार्यक्रम चांगला होईल असं वचन मी देणार नाही.

पहिली बैठक फसली. बाहेर ४३ डिग्री, खोलीत कूलर घरघरतोय. त्या वीसपासून उलटं मोजायला लागल्या. सोळा म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात ठेका सुरू. तेरा आणि बाराच्या मध्ये त्या थांबल्या, लय गेली, माझं कपाळ आक्रसलं. त्यांनी डोळे उघडायला लावले आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मॅडम, तुम्ही अर्धी मात्रा खाल्ली. त्या पाच मिनिटं हसत होत्या.

दुसऱ्या बैठकीपासून मोजणं माझ्याकडे दिलं. मनात तीनतालाचा ठेका, प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा जरा संथ, आणि खालीला (नवव्या मात्रेला) श्वास सोडायचा. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला कूलरचा आवाज ऐकू येईनासा झाला. मग दिवाळी पहाटेचा स्टेज. निवेदकाचा आवाज आला तसे तळवे खरंच ओले झाले, खुर्चीत बसल्या बसल्या! खूण म्हणून त्या आधी अंगठा-तर्जनी जुळवा म्हणत होत्या. मी म्हटलं, वाजवताना ते कसं करणार? शेवटी उजव्या हाताची अनामिका शाईच्या कडेला टेकते, तोच इशारा ठरवला. ती तर टेकतेच.

तीन बैठका झाल्या, एक उरली. २,१०० गेले. घाम अजून येतो. पण परवा गुरुजींकडे अचानक पाहुणे आले, वाजवायला बसवलं, त्यातला एक मधेच फोनवर बोलायला लागला. मला ऐकू आलं, आणि पलटा पुढे गेला. तिहाई समेवर आली. त्याचं बोलणं चालूच होतं.

रविवारचे पोहे नाही जमले, बायको म्हणाली या उन्हात दहा लोकांचे पोहे तुझा पेटीवाला येऊन करेल का.

पेटीवाला_अयोध्यानगर
येतो की. तर्री मात्र विकतची आणा.

वॉर्ड_नंबर_सात
शेवटी नोंदणी नसलेल्याकडेच गेलात. बाई सरळ वाटतात, म्हणून गप्प बसते. कार्यक्रमाला इनहेलर झब्ब्याच्या खिशात ठेवा, बॅगेत नाही.

६४_घरं
त्या मॅडम बुद्धिबळासाठी घेतात का? बजेट दीड हजार.

वऱ्हाडी_खवचट
कार्यक्रम कुठं हाय भाऊ? आठ रस्ता चौकाकडं असला तं गाडी लावाले जागा भेटत नाही, आत्ताच सांगून ठेवतो.