मदत हवी आहे: जर्मनीत चौथ्या स्तराचा विजेता वर का जात नाही?

नमस्कार.

नोकरीनिमित्त मी लाइपझिगला राहतो आणि शहराच्या आग्नेय भागातल्या प्रोब्स्टहाइडा येथे लोकोमोटिव्ह लाइपझिग या जुन्या फुटबॉल क्लबचे सामने पाहायला जातो. १९८७ साली युरोपीय कपविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आयाक्सकडून अवघ्या एका गोलने हरलेला हा क्लब आज चौथ्या स्तरावर, म्हणजे रेगिओनाललिगाच्या ईशान्य विभागात खेळतो. २०२५ साली त्याने हा विभाग जिंकला, तरीही तिसरी लीग त्याला मिळाली नाही. उत्तर विभागातून आलेल्या हावेल्झे संघाशी दोन सामन्यांची बढतीची लढत खेळावी लागली; घरचा सामना १-१ असा सुटला आणि परतीच्या सामन्यात जादा वेळेत ०-३ अशी हार झाली.

मला आतापर्यंत समजले आहे ते असे. विभाग पाच आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बव्हेरिया. वर जाण्याच्या जागा चार. पश्चिम आणि नैऋत्य विभागांच्या विजेत्यांना दरवर्षी थेट बढती मिळते, तिसरी थेट जागा उरलेल्या तीन विभागांत पाळीपाळीने फिरते, आणि ज्या दोघांची पाळी नसते त्यांचे विजेते चौथ्या जागेसाठी एकमेकांशी भिडतात. २०२४ मध्ये ईशान्येची पाळी होती म्हणून एनर्जी कॉटबुस सरळ वर गेला. आदल्याच वर्षी हाच क्लब विभाग जिंकूनही उंटरहाखिंगकडून हरला होता. २०२० ते २०२५ या काळात ईशान्येचा विजेता चार वेळा अशी लढत खेळला आणि चारही वेळा हरला. त्यांतला २०२० चा पराभव लोकोमोटिव्हचाच होता, आणि तोही फेर्लविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटूनही, केवळ परक्या मैदानावरील गोलांच्या नियमामुळे (बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ जिंकतो).

पंगत पाच जणांची आणि पाने चारच, असा हा प्रकार का चालू आहे? पश्चिम आणि नैऋत्य यांना कायमचे झुकते माप कशाच्या आधारावर दिले गेले? विजेत्याने तिसऱ्या लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यासाठी अर्जच केला नाही, किंवा विजेता एखाद्या मोठ्या क्लबचा राखीव संघ असला, तर काय होते? नियमावली वाचून पाहिली, परंतु तिच्यात निर्णय सापडतात, कारणे सापडत नाहीत. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

प्रतिसाद:

कारणे संघटनांच्या वाटाघाटींत आहेत. २००८ ते २०१२ या काळात या स्तरावर तीनच विभाग होते आणि तिन्ही विजेते थेट वर जात. मात्र एवढ्या विस्तीर्ण विभागांतला प्रवास आणि परवान्याच्या अटी यांचा खर्च लहान क्लबांना पेलेना, म्हणून २०१२ पासून पाच विभाग झाले. बढतीच्या जागा तेवढ्या तीनच राहिल्या. २०१८-१९ पासून तिसऱ्या लीगमधून तीनऐवजी चार संघ खाली येऊ लागले, तेव्हा चौथी जागा निर्माण झाली. त्या लीगमध्ये संघ २०. पाचवा संघही उतरवायचा तर दरवर्षी पाव लीग घसरणार, आणि याला तिथले क्लब राजी नाहीत. उलट विभागच चार करायचे म्हटले, तर कोणाचा मोडायचा हा प्रश्न येतो. बव्हेरियाला स्वतःचा विभाग सोडायचा नाही, आणि आपली फाटाफूट होऊन शेजारच्या विभागांत वाटले जाणे पूर्वेकडच्या क्लबांना मान्य नाही.

पश्चिम आणि नैऋत्य यांना कायमच्या जागा देण्याचा निर्णय २०१९ चा आहे. त्या भागांत नोंदणीकृत संघ आणि खेळाडू अधिक आहेत, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो लंगडा वाटतो, कारण गल्लीबोळांतल्या संघांची संख्या मोजून विभागाच्या विजेत्याचा दर्जा ठरत नाही.

विजेत्याने अर्ज केला नाही, तर मागच्या संघाला संधी मिळते. आपण उल्लेखिलेला फेर्ल असाच पुढे आला: २०२० मध्ये पश्चिमेचा अव्वल संघ र्‍योडिंगहाउझेन याने अर्जच केला नव्हता. बढतीनंतर फेर्लचे स्वतःचे मैदान अटींत बसेना, म्हणून त्यांना घरचे सामने पाडरबोर्न आणि लोटे येथे खेळावे लागले. राखीव संघांना तिसऱ्या लीगपर्यंत मुभा आहे, तिच्या वर नाही. २०२४ मध्ये श्टुटगार्टचा राखीव संघ थेट, आणि हानोफरचा राखीव संघ व्युर्त्सबुर्गला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून वर गेला.

एक सूचना: तिसऱ्या लीगच्या तळाकडेही लक्ष ठेवावे. तिथून ईशान्येत जितके जास्त क्लब उतरतील, तितके जास्त क्लब ईशान्येतून खाली ओबरलिगात, म्हणजे पाचव्या स्तरावर, ढकलले जातात. त्यामुळे कोणाची घसरण होणार, हे कधीकधी हंगामाच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ठरत नाही.