तैगा, बोरियल की सूचिपर्णी? नक्की काय लिहायचं?

माळढोक:
शाळेत भूगोलात "तैगा प्रदेश" पाठ केलेला. आता कॅनडाच्या वणव्यांच्या बातम्यांत "बोरियल जंगलं" वाचतो आणि परवा एकीकडे "सदाहरित सूचिपर्णी वनं" दिसलं. तिन्ही एकच का? लेखासाठी एकच शब्द पाहिजे, जमल्यास मराठी.

भूगोलवाली:
तैगा रशियनमधून आलाय, बोरियल ग्रीकांच्या उत्तरवाऱ्याच्या देवावरून, बोरिअस. बहुतेक लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, काहीजण तैगा फक्त टुंड्राला लागून असलेल्या विरळ पट्ट्याला म्हणतात. सूचिपर्णी मात्र वेगळं, ते झाडाचं वर्णन झालं, त्या हिशोबाने मनालीचे देवदार पण आलेच की त्यात.

खारूताई:
+१, आणि ते "सदाहरित" तर काढाच. पूर्व सायबेरियात मैलोनमैल लार्च आहे, सूचिपर्णी असून पानगळीचा, शरदात सुया पिवळ्याधमक होतात आणि सगळ्या गळून जातात. तिथे जमीन खाली कायमची गोठलेली, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो, त्यात लार्च उथळ मुळं पसरून उभा राहतो. आता तो बर्फ वितळायला लागला की झाडं वाट्टेल तशी कलतात, इंग्रजीत त्याला ड्रंकन फॉरेस्ट म्हणतात, आपण "झिंगलेलं जंगल" म्हणूया, मला तरी आवडलं.

माळढोक:
झिंगलेलं जंगल घेतलं ताई 😄 पण तिथे दलदलही खूप असते असं वाचलंय, ती कशी काय? पाऊस तर कमी ना?

खारूताई:
कमीच. पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्कला वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून आपल्या माणदेशापेक्षाही कमी. पण थंडीमुळे बाष्पीभवन कमी आणि गोठलेल्या थरातून पाणी खाली मुरत नाही, मग साचणारच. पानं, सुया, शेवाळ कुजायलाही तिथे वर्षानुवर्षं लागतात, म्हणून थरावर थर चढत जातो. हे पीट, कोळशाच्या प्रकारांत आपण पहिलं पाठ केलेलं तेच. तिथला बराचसा कार्बन झाडांत नाही, जमिनीत आहे, म्हणून वणवा लागला की नुसती झाडं मोजून भागत नाही, पीट हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहून वसंतात पुन्हा पेटू शकतं. तरी "वणव्याने नाश" असं सरसकट लिहू नका हं, कॅनडातल्या जॅक पाइनची बरीच बोंडं राळेने चिकटून बंद असतात, आगीची धग लागल्यावर उघडतात आणि बी राखेत पडतं.

भूगोलवाली:
बोंड कापसाचं हो, पाइनचा शंकू. आणि "शेवाळ" पण जरा जपून. मराठीत आपण अल्गी, मॉस, लायकेन (बुरशी आणि अल्गी एकत्र वाढून बनलेलं) सगळ्याला शेवाळच म्हणतो आणि या जंगलात तर तिन्ही वेगवेगळी कामं करतात. पीट मुख्यतः स्फॅग्नम मॉसचं, पाठ्यपुस्तकी शब्द हरिता. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर, हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून खातात ते लायकेन, इंग्रजीतच त्याला रेनडिअर मॉस असं चुकीचं नाव पडलंय.

सुगरण:
थांबा, लायकेनला आपला शब्द आहे की, दगडफूल! गोडा मसाल्यात घालतो ते लायकेनच.

भूगोलवाली:
हो, पण कॅरिबूचं मातीवर वाढतं, पांढुरकं, फांद्याफांद्यांचं, दगडाचा संबंध नाही.

सुगरण:
असू दे की, दगडफूल म्हटल्यावर डोळ्यासमोर काहीतरी येतं तरी. लायकेनचा पुस्तकी शब्द शैवाक, तो म्हटल्यावर काय येतं?

माळढोक:
तैगा फायनल करतो, कंसात उत्तरेकडची जंगलं. दगडफुलाचं संपादकांना विचारतो.