मोल्सवर्थच्या कोशाची १८३१ ची प्रत आमच्या घरी कशी आली असावी?

प्रश्न : खानापूरकर

नमस्कार. आमच्या खानापूरच्या घरी माळ्यावरच्या लाकडी पेटीत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची एक प्रत आहे. तिच्या शीर्षकपृष्ठावर मुंबई आणि १८३१ असे छापलेले आहे, म्हणजे ती पहिल्या आवृत्तीची असावी. माझे पणजोबा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षक होते आणि हा कोश त्यांच्याकडून आमच्याकडे आला, एवढेच घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे तो कोठून आला, हे कोणी विचारले नाही आणि आता विचारावे तर सांगणारे फारसे उरलेले नाहीत.

प्रतीवर ज्या खुणा आहेत त्या अशा. शीर्षकपृष्ठाचा वरचा उजवा कोपरा अंगठ्याएवढा, कात्रीने सरळ कापलेला आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का आहे. त्यातले ‘वाचनालय’, ‘शहापूर’ आणि ‘संस्थान सांगली’ एवढेच वाचता येते, बाकीची अक्षरे घासून गेली आहेत. त्या शिक्क्याखाली पणजोबांची शिसपेन्सिलीने केलेली सही आणि १९३८ हे साल आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर मोडीत तीन ओळी आहेत, त्यांतल्या नावाच्या जागी कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली आहे. शकाच्या आकड्यात नेमके एक अंकाचे भोक कसरीने पाडले आहे. मला तो शक १७०८ असा वाटतो. पुस्तकाची बांधणी मूळची नाही, जाड खादीच्या कापडात ते पुन्हा बांधलेले आहे. मोडीच्या ओळी, शिक्का आणि कापलेला कोपरा यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. या खुणांवरून पुस्तकाचे आधीचे मालक किती निश्चितपणे सांगता येतील? आणि ते कोणे एके काळी वाचनालयाचे होते असे ठरले, तर आम्ही ते आमचे म्हणावे का? दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो.

उत्तर : मोडी वाचक, निपाणी

खानापूरकर, आपल्या छायाचित्रातल्या मोडीच्या ओळी मी भिंगाखाली दोनदा वाचल्या. वळण सफाईदार आहे, लिहिणारा कचेरीत रोज लिहिणारा माणूस असावा. मजकूर असा लागतो : ‘शके १७·८ पराभवनाम संवत्सरे माघ शुद्ध पंचमी, हे पुस्तक बेळगांव लष्करांत लिलांवांत घेतलें, किंमत रुपये ९, दस्तुर खुद्द’, आणि त्यापुढे पट्टीखाली गेलेले नाव.

आपण वाचलेला १७०८ हा शक मात्र बसत नाही. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी परत येते. पराभव संवत्सर शके १७०८ मध्ये होते तसेच १७६८ मध्येही होते, आणि सतराशेच्या घरात शेवटी आठ असलेले दुसरे कोणतेच वर्ष या नावाशी जुळत नाही. १७०८ म्हणजे इसवी सन १७८६-८७. पुस्तक छापले गेले १८३१ मध्ये, तेव्हा छपाईच्या आधीच ते कोणी विकत घेणे शक्य नाही. म्हणून कसरीने खाल्लेला अंक सहाच होता. शकात एरवी ७८ मिळवतात, पण माघ महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो, म्हणून येथे ७९ मिळवावे लागतील : वसंत पंचमी, १८४७.

‘लष्कर’ म्हणजे आपण आज ज्याला कँप म्हणतो तो भाग. लष्करी अधिकारी वारला किंवा विलायतेला परतला की त्याचे सामान जागेवरच लिलावात काढत. त्यात घोडे, खुर्च्या, बंदुका यांच्याबरोबर पुस्तकेही असत. पुस्तकाचा पहिला मालक तेथलाच असावा, असे या ओळीवरून म्हणता येते; पण ओळीत विकणाऱ्याचे नाव नाही, तेव्हा यापुढचे माझे म्हणणे अनुमान समजावे.

एक विनंती. पट्टी पाण्याने किंवा वाफेने सोडवू नका. काजळाची शाई कागदात मुरत नाही, वरच बसून राहते. पाणी लागले की नाव पट्टीबरोबर निघून येईल. पान उजेडासमोर धरून मागच्या बाजूने छायाचित्र घ्या, अक्षरांची आकृती बरीचशी दिसेल.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव

वरचे वाचन चोख आहे. मी शिक्का, कापलेला कोपरा आणि आपला दुसरा प्रश्न यांबद्दल लिहितो. थोडे लांबेल, पण माझी सारी नोकरी अशाच पुस्तकांच्या सोबतीत गेली आहे.

आपल्या भागात पुस्तकावरचा शिक्का हे राज्यकारभाराचे छोटे दप्तरच असते. शहापूर आज बेळगाव शहरात मिसळून गेले आहे आणि रेल्वे फाटकाच्या अलीकडे-पलीकडे दोन राज्ये होती हे नव्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. पण बेळगाव इंग्रजी मुलखात होते तेव्हा शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर ‘संस्थान सांगली’ असा शिक्का नव्याने कोणी करून घेणार नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पासून हा सारा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ च्या नोव्हेंबरात त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. म्हणून एकाच वाचनालयाच्या एकाच कपाटात मी मुंबई इलाखा, मुंबई राज्य, म्हैसूर आणि कर्नाटक असे चारही शिक्के पाहिले आहेत, आणि त्या वाचनालयाची इमारत एक वीतभरही हललेली नव्हती. जांभळी शाई दुसऱ्या टोकाची मर्यादा देते : हा कृत्रिम रंग १८५६ मध्ये सापडला, तेव्हा शिक्का त्यानंतरचा. पणजोबांची सही १९३८ ची आणि शिक्क्याच्या खाली आहे, म्हणजे शिक्का बहुधा त्याआधी उमटला होता.

१८४७ ते हा शिक्का, या मधल्या काळात पुस्तक कोणाकडे होते याचा पुरावा आपल्या वर्णनात कोठेही नाही. आपण जेव्हा ही हकिगत लिहून ठेवाल तेव्हा तेथे जागा कोरी सोडा. लोक अशा ठिकाणी एखादे नामांकित घराणे आणून बसवतात, पुढच्या पिढीला ते खरे वाटू लागते आणि मग पुस्तकावरच्या खऱ्या खुणांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता कापलेला कोपरा. विलायती पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर उजवीकडे वर मालक आपले नाव लिहीत असे आणि पुस्तक विकताना ते नाव कापून टाकण्याची रीत होती. नाव गेले, पण त्याची सावली राहिली असण्याचा संभव आहे. साहेब लोक माजूफळ आणि हिराकस यांची शाई वापरत. ती आम्लयुक्त असते आणि वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पुस्तकात समोरच्या पानावर अक्षरांचा तपकिरी ठसा उलटा उमटतो. आपल्या काजळाच्या शाईने असे होत नाही, म्हणून मोडीच्या ओळींसमोरचे पान कोरेच असेल. शीर्षकपृष्ठाच्या समोरचे कोरे पान मूळचे राहिले असेल, तर अंधाऱ्या खोलीत बॅटरी पानाला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपा उजेड पाडून पाहा आणि समोर आरसा धरा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी दोन गोष्टी तपासा. वाचनालये पहिल्या पानाशिवाय आत एका ठरावीक पानावरही छोटा शिक्का मारतात आणि तेथे दाखल क्रमांक लिहितात. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. प्रत्येक पान उलटून पाहा. वाचनालयाने पुस्तक रीतसर काढून टाकले असेल, तर निर्लेखनाची नोंद किंवा ‘रद्द’ असा शेरा दाखल क्रमांकाजवळ सापडायला हवा. दुसरे, पणजोबांची सही पेन्सिलीने का आहे? ते शिक्षक होते, टाक-दौत त्यांच्या हाताशी असणारच. त्यांची आणखी पुस्तके घरात असतील तर त्यांवरची सही पाहा.

आणि कृपा करून फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, शिक्का पुसू नका आणि नवी बांधणी करण्याची घाई करू नका. खादीत बांधताना कोणीतरी कडा कापल्या आहेत असे छायाचित्रात दिसते. त्या कडांबरोबर समासातल्या नोंदी गेल्या असतील तर त्या आता परत येणार नाहीत.

उत्तर : चिकोडीचा वाचक

माझे मत थोडे वेगळे आहे. ऐंशी वर्षांहून अधिक काळ ज्या घराने पुस्तक वाळवी, पाऊस आणि स्थलांतर यांतून जपले, त्या घराचा त्यावर काहीच हक्क नाही असे मी म्हणणार नाही. ते परत दिले आणि बंद कपाटात कुजले तर कोणाचे भले होईल?

प्रत पहिल्या आवृत्तीचीच आहे याचीही खात्री करून घ्या, कारण शीर्षकपृष्ठ दुसऱ्या प्रतीतून आणून लावलेले असू शकते. आज बहुतेकांकडे जो मोल्सवर्थ असतो तो १८५७ च्या सुधारून वाढवलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण असते. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने ते १९७५ मध्ये काढले. ते शेजारी ठेवून कोणतीही पाच पाने ताडून पाहा, दुसऱ्या आवृत्तीत वाढलेले शब्द लगेच लक्षात येतील. या कोशाशी बेळगावचे आणखी एक नाते आहे, ते येथे सांगावेसे वाटते. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप ज्यांनी पुढे तयार केला ते बाबा पदमनजी बेळगावचेच, आणि त्यांचा जन्म १८३१ चा, म्हणजे आपल्या प्रतीच्याच वर्षाचा.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव

जपणाऱ्या घराचा मान आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जपणूक आणि मालकी या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीचा निर्णय पुरावा पाहिल्यावर करावा. कपाटात कुजण्याची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून देताना लेखी अटी घालता येतात.

प्रश्नकर्ता : खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे जे सांगितले ते सर्व करून पाहिले.

पाच पाने पुनर्मुद्रणाशी ताडली, ती जुळत नाहीत. माझ्या प्रतीत शब्द पुष्कळ कमी आहेत आणि त्या पानांचा कागद व शीर्षकपृष्ठाचा कागद एकच आहे. रात्री दिवे मालवून, मुलीला आरसा धरायला सांगून समोरच्या कोऱ्या पानावर तिरपा उजेड टाकला. आधी काहीच दिसेना. मग बॅटरी आणखी खाली नेली, तेव्हा चहाच्या डागासारख्या रंगाची इंग्रजी अक्षरे आरशात सरळ झाली. नाव लागत नाही, त्यातली दोनच अक्षरे उभी राहतात. पण त्याआधीचे लेफ्टनंट या हुद्द्याचे संक्षिप्त रूप आणि खालचे १८३९ हे साल स्वच्छ वाचता आले. मोडीच्या ओळींसमोरचे पान, आपण म्हटल्याप्रमाणे, कोरे आहे. पट्टीखालचे नाव उजेडासमोर धरूनही लागले नाही. पट्टी आहे तशीच ठेवली आहे.

गुप्त पान सापडले. १०१ व्या पानाच्या तळाशी तोच लंबगोल शिक्का छोट्या आकारात आहे आणि त्यात हाताने लिहिलेला दाखल क्रमांक २१७ आहे. येथे शिक्का पूर्ण उमटला आहे, त्यामुळे वाचनालयाचे नावही कळले. संबंधितांशी बोलण्याआधी ते येथे लिहीत नाही. ‘रद्द’ असा शेरा कोठेही नाही. सगळी पाने उलटायला तीन संध्याकाळी लागल्या.

पेन्सिलीच्या सहीबद्दल विचारले होते. पणजोबांची अकरा पुस्तके घरात निघाली, आणि अकरांवर ठसठशीत शाईची सही आहे, नावापुढे गाव, तारीख आणि किंमतसुद्धा. फक्त या कोशावर पेन्सिल आहे आणि किंमत नाही. ही गोष्ट घेऊन मी आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्याकडे, अनगोळला गेलो. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे. पुस्तक हातात दिल्याबरोबर त्यांनी खादीवर हात फिरवला आणि ही बांधणी त्यांच्या आईने जुन्या पंचाच्या कापडात करून घेतली होती असे सांगितले. वाचनालयाची जागा बदलायची होती, तेव्हा जड पुस्तके ओळखीच्या मास्तरांकडे सांभाळायला दिली होती आणि जागा झाली की ती परत न्यायची होती, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. कोणी न्यायला आले नाही. मी पेन्सिलीच्या सहीवर बोट ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ठेवीवर शाईनं नाव घालत नाहीत रे, बाळा.’

चिकोडीच्या वाचकांची काळजी मला पटते, म्हणून पुस्तक लगेच नेऊन देत नाही. शिक्क्यांची, मोडीच्या ओळींची आणि कोऱ्या पानावरच्या सावलीची छायाचित्रे, आत्यांनी सांगितलेली हकिगत आणि १८४७ नंतरची कोरी जागा हे सर्व दोन पानांत लिहून काढले आहे. येत्या रविवारी ते घेऊन शहापूरला जाणार आहे. त्यांची जुनी दाखल नोंदवही उरली असेल तर २१७ व्या क्रमांकासमोर काय लिहिले आहे, ते आधी पाहायचे आहे.